टपाला भोक न पाडता : गाडीवरच्या अँटेनाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काल दोन गाड्या घेऊन ताम्हिणीत गेलो होतो. मुळशी धरण मागे पडलं की मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून दोन्ही गाड्यांत एकेक हँडी, म्हणजे हातात धरायचा वायरलेस सेट, ठेवला होता. पाच वॉटचा, डोक्यावर रबरी शेपटी. दोघंही परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, तेव्हा बोलायला काही अडचण नव्हती. अडचण आली ती घाटात. मित्राची गाडी दोन वळणं मागे राहिली आणि आवाज तुटला. खरखर, मग अर्धं वाक्य, मग परत खरखर. अंतर फार तर दीड किलोमीटर असेल. मी खिडकीतून हात बाहेर काढून हँडी टपाच्या वर धरला, तर तो एकदम स्वच्छ ऐकू आला. हात आत घेतला की गेला. शेवटी घाट उतरेपर्यंत एक हात बाहेर काढूनच बसलो. गाडी बायको चालवत होती, ती म्हणाली, "लोकांना वाटतंय आपण वळतोय."

गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. १४५ मेगाहर्ट्झची लाट साधारण दोन मीटर सात सेंटिमीटर लांब. काचांतून निसटेल तेवढी निसटते, बाकीची आतच फिरते. त्यात ती रबरी शेपटी म्हणजे अर्धा मीटर लांबीची तार गुंडाळून बोटभर केलेली, खिशात मावावी म्हणून. तेव्हा अँटेना गाडीबाहेर आणि पूर्ण लांबीचा हवा, एवढं ठरलं.

घरी आल्यावर विषय काढला. "लाव काय लावायचं ते. पण गाडीला भोक पाडायचं नाही. एकसुद्धा." गाडी २०१८ ची हॅचबॅक, हिच्या नावावर. दोन वर्षांत विकायची आहे. विषय संपला.

या धंद्यातलं सरधोपट उत्तर मात्र भोकाचंच आहे. टपाच्या मधोमध १९ मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात एनएमओ बैठक (काडी बसवायचं सॉकेट) बसवायची. पोलिसांच्या, अग्निशमनच्या गाड्यांवर पुष्कळदा असंच करतात, कारण त्याहून चांगलं काही नाही. आपल्याला त्याच्या जवळ जाईल असं काहीतरी शोधायचंय.

१४ जानेवारी, संक्रांत

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीची पाहणी केली. फ्रिजवरचा गणपती काढला (मागे चुंबक आहे), रंगाला ओरखडा नको म्हणून मोज्यात घातला आणि गाडीभर फिरवला. वॉचमन बघत होता. तिळगूळ दिला, म्हटलं पत्रा तपासतोय.

टप: घट्ट चिकटतो, मधल्या पन्हळ्यांवर थोडा कमी. बोनेट, मडगार्ड: चिकटतो. डिकीचं दार: काचेखाली आणि दोन्ही कडांना चिकटतो, वरचा स्पॉयलर प्लास्टिकचा. बंपर अर्थातच प्लास्टिक. टपावरच्या दोन काळ्या पट्ट्या मी सात वर्षं कॅरियरच्या दांड्या समजत होतो. नुसती शोभा निघाली, चिकटवलेली.

ही तपासणी आधी केलेली बरी. हल्ली काही गाड्यांचं डिकीचं दार प्लास्टिकचं असतं, काहींचं बोनेट ॲल्युमिनियमचं, आणि मोठ्या सनरूफवाल्या गाडीत टपाच्या मधोमध नुसती काच. तिथे चुंबकाने चिकटणारी अँटेनाची बैठक, म्हणजे मॅग्नेट माउंट, मागवून उपयोग नाही.

फटी मोजल्या. डिकीचं दार आणि बॉडी यांच्यामध्ये पाच मिलिमीटर, बोनेटच्या कडेला चार.

आणि उंची. आमच्या पार्किंगच्या तुळईची खालची बाजू जमिनीपासून २०८ सेंटिमीटर. गाडी १५३. उरले ५५. दोन मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा), लाटेच्या पाव लांबीचा अँटेना साधारण ४९-५० सेंटिमीटर. पाच अष्टमांश लांबीचा सव्वा मीटरच्या पुढे जातो, तो बादच. जास्त गेन, जास्त गेन म्हणून लोक लांब काड्या लावतात आणि रोज पार्किंगमध्ये शिरताना उतरून आडव्या करतात. ते आपल्याच्याने व्हायचं नाही.

१९ जानेवारी, रविवार

सांगलीच्या काकांना फोन. ज्यांच्या हाताखाली मी मोर्स शिकलो ते. त्यांच्या जीपच्या टपाला भोक आहे, तेव्हा सल्ला काय येणार हे माहीत होतं.

"अरे, काडी म्हणजे अँटेना नव्हे. काडी हा निम्मा अँटेना. उरलेला निम्मा म्हणजे तिच्याखालचा पत्रा. तू काडी विकत आणशील, पत्रा जोडायचं विसरशील आणि मग मला फोन करशील."

हेच सगळ्याचं मूळ आहे. पाव लांबीच्या काडीत वर जितका प्रवाह जातो तितकाच खालच्या पत्र्यावर पसरायला हवा. काडीच्या बुंध्यापासून चहूकडे निदान अर्धा-अर्धा मीटर पत्रा असला की काम झालं. टपाच्या मध्यावर तो आपोआप मिळतो. भोकाची बैठक चांगली असते ती भोकामुळे नव्हे, पत्र्याला थेट धातूचा धातूशी जोड मिळतो म्हणून. भोक न पाडता हा जोड कसा द्यायचा, एवढाच काय तो प्रश्न.

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला टपाच्या कडेने पन्हळ होती, पावसाचं पाणी वाहून न्यायला. तिच्यावर पकड आवळली की बैठक तयार. मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, सगळ्यांना ती होती. आताच्या बहुतेक गाड्यांना पन्हळच नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणून तर विकू नको म्हणत होतो."

२ फेब्रुवारी, रविवार

कोथरूडच्या मित्राचा मॅग्नेट माउंट उसना आणला. तळ नऊ सेंटिमीटरचा, खाली पातळ रबराची टोपी. पाच मीटर आरजी-५८ केबल, टोकाला पीएल-२५९ कनेक्टर.

नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून मोजलं. टपाच्या मध्यावर १४५ ला एसडब्ल्यूआर १.३. (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं हे माप; १ म्हणजे काहीच परत नाही.) टपाच्या कडेला सरकवला तर १.७. बोनेटवर १.६.

एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. चुंबक पत्र्याला चिकटतो, पण मध्ये रंग आहे, रबर आहे. मग विजेचा जोड कुठून? पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. नऊ सेंटिमीटरची चकती, मध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटर रबर आणि रंग. हा एक कपॅसिटरच झाला, पावणेतीनशे पिकोफॅरडच्या आसपासचा. १४५ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा जेमतेम चार ओहम, म्हणजे जवळजवळ तारच जोडल्यासारखं. तोच ७ मेगाहर्ट्झला ऐंशी ओहमच्या घरात जातो. दोन मीटर बँडवर गोड चालणारा मॅग्नेट चाळीस मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, का रडतो, ते असं कागदावर कळलं.

केबल मागच्या दारातून आत घेतली. दार लावताना 'चर्र' झालं.

पार्किंगमध्ये परत शिरताना टोक तुळईच्या अर्धा सेंटिमीटर खालून जाणार असं गणित होतं. उताराच्या तोंडाशी गतिरोधक आहे हे गणितात नव्हतं. टिंग. मग दुसरी तुळई. टिंग. एकूण पाच तुळया आहेत.

९ फेब्रुवारी

रस्त्यावरची चाचणी. मित्र कोथरूडला घरी, बाल्कनीत. मी पौड रस्त्याने निघालो. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा छोटा घाट. दोघांकडेही पाच-पाच वॉटचेच हँडी, बदल फक्त माझ्या अँटेनात.

रबरी शेपटी, गाडीच्या आत: भूगावलाच खरखर सुरू, भुकूमला संपलं.
मॅग्नेट, टपाच्या मध्यावर: घाटाच्या माथ्यापर्यंत स्वच्छ, पलीकडे उतरल्यावर तुटक.

तेवढ्याच पाच वॉटांत. बाजारात लोक आधी जास्त वॉटांचा सेट शोधतात, अँटेनाचं नंतर बघतात.

१६ फेब्रुवारी

मॅग्नेट दोन आठवड्यांनी उचलला. खाली बरोबर गोल, कडेला तांबूस भुकटी. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांतून ग्राइंडरची चुरी उडते ती चुंबक ओढून धरतो, आणि गाडी हलली की तीच रंगावर घासते. टपावर नखाच्या चंद्रकोरीसारखे तीन बारीक ओरखडे. हिने बोट फिरवून पाहिलं. बोलली काही नाही, बोट पुसलं फक्त.

दर आठवड्याला उचलून पुसायचा, उचलताना ओढायचा नाही, हा त्यावरचा उपाय. मला माझा स्वभाव माहीत आहे. शिवाय केबल दाराच्या रबरात चेपून तिच्यावर काळा वळ उठलाय. पावसात पाणी त्याच केबलवरून सरकत सीटवर येणार.

मॅग्नेट वाईट नाही. भाड्याच्या गाडीला, मित्राच्या गाडीला, एका दिवसाच्या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कायमचा मात्र नको.

२३ फेब्रुवारी

काचेवर चिकटवायचा प्रकार पाहिला. आत एक चकती, बाहेर एक, मधली काच कपॅसिटरचं काम करते. आमच्या मागच्या काचेवर डीफॉगरच्या तारा आहेत. काचेवर धातूची फिल्म असली तर तीही आड येते. आणि मुळात खाली पत्रा कुठे आहे? बाद.

खिडकीच्या काचेच्या कडेवर अडकवायची क्लिप: तीच तक्रार. बाद.

बोनेटच्या फटीतली पट्टी: चांगली आहे. बोनेट पत्र्याचं, फट चार मिलिमीटर, केबल इंजिनाच्या बाजूने आत. फक्त काडी सतत डोळ्यांपुढे डोलणार. गाडी चालवणारीने नापसंत केली. बाद.

राहिली डिकीच्या दाराच्या कडेवर चावून बसणारी बैठक.

२ मार्च, रविवार

बैठक आली. दोन जाड पट्ट्यांचा चिमटा, दाराच्या कडेवर बसतो. आतल्या बाजूने चार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे), ॲलन कीने आवळायचे. बाहेरच्या बाजूला रबराची पट्टी, रंग वाचवायला. वर सॉकेट, दोन बाजूंना कलता येतं, म्हणजे दाराची कड कितीही तिरकी असली तरी काडी उभी राहते. किंमत साडेचौदाशे.

डाव्या बाजूला, वरच्या कोपऱ्याजवळ बसवली. स्क्रू हाताला घट्ट लागेपर्यंत आवळले. मोजलं: एसडब्ल्यूआर ३.४. म्हणजे पाठवलेल्यातलं जवळपास तीस टक्के परत.

आधी वाटलं माल खराब. दुकानदाराला चिडून मेसेजही लिहिला. पाठवायच्या आधी काकांचं वाक्य आठवलं, "पत्रा जोडायचं विसरशील." मल्टिमीटर काढला. एक टोक बैठकीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायरने. काही नाही. उघडं सर्किट.

ग्रब स्क्रू रंगावर बसले होते, पत्र्यावर नाही. रंग म्हणजे उत्तम इन्शुलेशन. मॅग्नेटच्या तळाइतकं क्षेत्रफळ या चिमट्याला नाही, त्यामुळे कपॅसिटरचाही आधार नाही. स्क्रूची टोकं रंग फोडून पत्र्यात रुतली पाहिजेत, त्यासाठीच ती टोकदार असतात. माहितीपत्रकात हे लिहिलेलंही होतं. मी ते वाचलं नव्हतं.

अर्धा फेरा आणखी. आधी काही नाही, मग एक बारीक 'कच्', आणि मीटर ०.४ ओहमवर आला. चारही स्क्रू तसेच. एसडब्ल्यूआर १.९.

मेसेज पुसून टाकला.

३ मार्च

१.९ वर अडलंय. रात्री मीटर लावून डिकी हळूहळू उघडत-मिटत बसलो. दार हललं की आकडा नाचतो: ०.४, दोन, सात, पुन्हा ०.४. बैठक दाराला जोडली गेली, पण दार गाडीला कुठे जोडलंय? बिजागरीतून. बिजागरीला ग्रीस, तिच्या बोल्टखाली रंग, दार रबरावर टेकलेलं. म्हणजे मुख्य पत्रा, टप, विजेच्या दृष्टीने अजून दूरच.

मल्टिमीटरचा आकडा डीसीचा, १४५ मेगाहर्ट्झला तोच लागू होईल असं नाही. पण नाचणारा आकडा कुठल्याच हिशोबात चांगला नाही.

जुन्या जाड केबलचं जाळीदार वेष्टण सोलून चपटी वेणी केली, पंधरा सेंटिमीटरची. दोन्ही टोकांना थिंबल सोल्डर केले. एक टोक बिजागरीच्या दाराकडच्या बोल्टखाली, दुसरं बॉडीकडच्या. बोल्ट आधीचेच, नवीन भोक शून्य. बोल्टखालचा रंग तेवढा पॉलिश पेपरने काढला. आखूड आणि रुंद पट्टी हवी, लांब बारीक वायर या वारंवारतेला नुसती कॉइल होऊन बसते.

मीटर आता दार कुठेही असलं तरी ०.३. एसडब्ल्यूआर १.५, पण सर्वांत खोल जागा, म्हणजे तो सर्वांत कमी होतो ती वारंवारता, १४१ वर. म्हणजे काडी लांब.

काडी ५१ सेंटिमीटर. १४१ वरून १४५ वर न्यायची तर ५१ गुणिले १४१ भागिले १४५, बरोबर ४९.६. चौदा मिलिमीटर जास्त आहेत. एकदम कापले नाहीत. आधी दहा कापले, मोजलं, मग दोन, मोजलं, मग आणखी दोन. तार स्टेनलेसची, नेहमीच्या कटरला दाद देत नाही. कटरच्या पात्यावर दोन दात पडले.

आता १४५ ला १.४. भारतात आपल्याला १४४ ते १४६ मिळतात, दोन्ही टोकांना १.६ च्या आत. १४५ ला परत येणारं तीनेक टक्के. पुरे. यापुढे १.१ च्या मागे लागणं म्हणजे छंदाचा रोग होतो.

९ मार्च

ही गाडी धुताना डिकी उघडून वाकून बघत होती.

"भोक नाही म्हणालास. हे काय आहे?"

"ओरखडे."

"चार?"

"चार."

"खोल दिसतायत."

खोलच आहेत, पत्र्यापर्यंत. बिनभोकाचा माउंट हे नाव अर्धवट आहे. दार मिटल्यावर दिसत नाहीत, बाहेरून रंग अख्खा, हे खरं. पण उघड्या पत्र्याला पुण्याचा पाऊस लागला की गंज धरणारच. आज चारही स्क्रू एकेक करून काढले, टोकांना आणि खड्ड्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं, परत आवळले. स्क्रूचं टोक धातूला भिडतं तिथून ग्रीस बाजूला सरकतं, भोवती मात्र पाणी शिरू देत नाही. आकडा पुन्हा मोजला, ०.३ च.

गाडीच्या रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सापडला. टच-अपची बाटली आणून ठेवली आहे. विकताना लागेल.

२३ मार्च, रविवार

केबल. दिवसभर हेच.

बैठकीपासून दाराच्या रबराखालून आत जायला जाड केबल नको, दार नीट मिटत नाही. म्हणून पहिले अर्धा मीटर बारीक आरजी-१७४, पुढे आरजी-५८. सगळीच बारीक का नाही? पाच मीटर आरजी-१७४ मध्ये १४५ ला साधारण दोन डेसिबल जातात, म्हणजे गाडीत बसवायच्या सेटच्या २५ वॉटांतले टोकाला सोळा. तेवढ्याच आरजी-५८ मध्ये एक डेसिबल, म्हणजे वीस. अर्धा मीटर बारकीचं नुकसान नगण्य.

आणखी एक फसवी गोष्ट. केबल जितकी खराब तितका सेटपाशी मोजलेला एसडब्ल्यूआर गोड दिसतो, कारण परत येणारी शक्तीही वाटेतच जिरते. कुणी "माझा १.१ आहे" म्हणालं तर आधी केबल विचारावी.

सगळ्यात सोपी वाट टपाच्या अस्तरातून, मग पुढच्या खांबातून खाली. तिथून न्यायची नाही. ज्या गाड्यांना पडद्याच्या एअरबॅग असतात, त्या तिथेच, टपाच्या कडेला आणि खांबांत दुमडलेल्या असतात. आमच्या गाडीला त्या नाहीत, पण सवय चांगली असावी. केबल खालून नेली: डिकीच्या डाव्या आवरणामागून, मागच्या सीटखालून, उंबऱ्याच्या प्लास्टिक पट्टीखालून पुढे. क्लिपा सोडवताना एक तुटली. नवी बारा रुपयांना मिळाली, सोबत फुकटचा उपदेश.

दारापाशी केबलला मुद्दाम खाली झोळ दिला. पाणी केबलवरून आत येण्याआधी झोळाच्या तळाशी ठिबकतं.

२५ वॉटचा सेट ड्रायव्हरच्या सीटखाली. वायर थेट बॅटरीवरून, दोन्ही तारांना बॅटरीपाशीच दहा अँपियरचे फ्यूज. इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीत कारखान्याचं रबरी बूच आहे, त्यातून आत. इथेही भोक नाही.

बटण दाबून पहिला शब्द बोललो आणि गाडी ओरडायला लागली. रिव्हर्सचे सेन्सर. गाडी न्यूट्रलमध्ये, मागे फक्त भिंत, आणि टीं टीं टीं. बोलणं थांबवलं की तेही गप्प. सेन्सरची वायर आणि माझी केबल डिकीत हातात हात घालून चालली होती. केबल बाजूला घेतली, दोन फेराइटचे मणी बसवले, एक बैठकीपाशी, एक सेटपाशी. आता २५ वॉटला गप्प आहेत.

मागे कुणी बसलेलं असेल तर सेट दहा वॉटवर ठेवायचा. टपावरच्या काडीच्या आणि माणसाच्या मध्ये पत्रा असतो, इथे मागची काच आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

खाली येऊन बघतो तर अँटेनाला साखरेच्या गाठी आणि कडुनिंबाची डहाळी. हिचं काम. मोजल्याशिवाय राहवलं नाही. गाठींनी फरक नाही. ओल्या डहाळीने खोल जागा पाऊण मेगाहर्ट्झ खाली सरकली.

१३ एप्रिल, रविवार

हँडी या अँटेनाला जोडून पाच वॉटवरच पौड रस्त्याची तीच चाचणी. घाटमाथ्यापर्यंत स्वच्छ, पलीकडे मॅग्नेटपेक्षा जरा आधी तुटतं. अपेक्षितच होतं, टपाचा मध्य तो टपाचा मध्य.

मग मोकळ्या मैदानात गाडी आठ दिशांना वळवून उभी केली आणि मित्राला दर वेळी सेटवरच्या पट्ट्या मोजायला सांगितलं. काडी मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे, म्हणजे गाडीचा बहुतेक पत्रा तिच्या पुढे आणि उजवीकडे. सिग्नल त्याच दिशेला जोरकस, पुढे-उजवीकडे. मागे-डावीकडे दोन पट्ट्या कमी. त्या बाजूला नुसती हवा आणि बंपर.

तेव्हा घाटात आपण मागे राहायचं आणि मित्राला पुढे घालायचं. त्याला कारण सांगितलेलं नाही.

उंचीचं कामही फत्ते. बैठक टपापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असल्याने टोक १९९ वर येतं. तुळया शांत.

२७ मे, मंगळवार

यंदा मे महिनाच पावसाळ्यासारखा गेला, आणि काल, २६ लाच, मान्सून मुंबई-पुण्यात पोचलाही. आज ऑफिसातून येताना सेटवर खरखर. घरी मोजलं: एसडब्ल्यूआर २.६.

बैठकीखालच्या जोडावरची सेल्फ-ॲमल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप सोलली. आतून पाण्याचा थेंब टपकला. पीएल-२५९ चा चकचकीतपणा जाऊन पांढरट पूड, आणि केबलचं जाळीदार तांबं दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत काळं पडलेलं. जाळीत पाणी दिव्याच्या वातीसारखं चढतं. ती केबल कापावीच लागली, पुसून भागत नाही.

चूक माझीच. टेप वरून खाली गुंडाळत आलो होतो. त्यामुळे प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून, पाणी झेलायला उभी. कौलं शाकारताना खालच्या ओळीपासून वर जातात, वरचं कौल खालच्यावर चढतं, तेव्हा पाणी बाहेरून जातं. आमच्या आजोबांचं घर दापोलीचं, दर मे महिन्यात हे पाहिलेलं आहे. टेपच्या वेळी नेमकं सुचलं नाही.

नवा पीएल-२५९, आधी थोडं ग्रीस, मग टेप खालून वर, मग तिच्यावर साधी काळी टेप, उन्हाने आतली फाटू नये म्हणून. परत १.४.

२२ जून, रविवार

पाऊस खाल्ल्यानंतरची तपासणी. चारही स्क्रू काढले. तीन खड्डे स्वच्छ. चौथ्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा तांबूस ठिपका. तो स्क्रू पूर्ण रुतलाच नव्हता, म्हणून हलत राहिला आणि ग्रीस निघून गेलं. ठिपका घासला, झिंक प्रायमरचा थेंब, सुकल्यावर स्क्रू प्रायमर फोडून आत. वेणीच्या बोल्टांना गंज नाही, पण त्यांनाही ग्रीस.

मॅग्नेट मित्राला परत केला. त्याच्या टपावर आता माझ्यापेक्षा मोठी चंद्रकोर आहे.

काकांना फोटो पाठवले. उत्तर आलं: "वेणी छान. आता भोक पाड." हिला वाचून दाखवलं नाही.

पुढची तपासणी दिवाळीआधी. ॲलन की स्टेपनीच्या खड्ड्यात, निळ्या पिशवीत. टच-अपची बाटली फ्रिजमध्ये, लोणच्याच्या मागे.